लखोटा न फोडता आतल्या चिठ्ठीवर शेरा: एन्क्रिप्टेड जेपेगमधली लपवाछपवी

निळी_दौत

परवा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एमईच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही. विषय ओळखीचाच निघाला: एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे गुप्त किल्लीने कुलूपबंद केलेल्या चित्रात डेटा लपवायचा, मग तो डेटाही काढायचा आणि चित्रही होतं तसं बिट-न्-बिट परत आणायचं. दहा-बारा वर्षं झाली, दर दोन बॅचमागे एकदा हा प्रकल्प समोर येतोच. चित्रही तेच, लेना, म्हणजे चित्रांवरच्या प्रयोगांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला एका तरुणीचा फोटो. आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने एप्रिल २०२४ पासून तो फोटो शोधनिबंधात घेणं बंद केलं, ही बातमी आपल्या प्रयोगशाळांपर्यंत अजून पोचायची आहे.

मुलगा तयारीचा होता. चित्र एन्क्रिप्ट केलं, पडद्यावर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या आल्या. त्यात संदेश भरला, फाइल सेव्ह केली, पुन्हा उघडली, डिक्रिप्ट केली. मुंग्याच. पुन्हा केलं, मुंग्याच. तिसऱ्यांदा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "सर, काल रात्री चाललं होतं." हे वाक्य आयुष्यात एकदाही न म्हटलेला प्रोग्रॅमर मला दाखवा.

कोड मागून घेतला. कालपर्यंत फाइल पीएनजीत सेव्ह होत होती, त्यात एकही बिट हरवत नाही. आदल्या संध्याकाळी कुणीतरी वडीलकीच्या नात्याने सांगितलं, "फाइल फार मोठी होतेय, जेपेग कर." त्याने मॅटलॅबच्या इमराइटमध्ये (चित्र सेव्ह करायच्या आज्ञेत) फाइलच्या नावाचं शेपूट बदललं. तिथेच घात झाला.

जेपेग फेकून देतं ते डोळ्याला फारसं न दिसणारं बारीक चढउताराचं काम. साध्या फोटोत ते थोडं असतं. मुंग्यांच्या चित्रात दुसरं काहीच नसतं! शिवाय एन्क्रिप्ट झालेल्या पिक्सेलला (म्हणजे चित्रातल्या ठिपक्याच्या ० ते २५५ मधल्या आकड्याला) 'जवळपास' नावाचा प्रकार कळत नाही. १२८ चा १२७ झाला तर डोळ्याला फरक शून्य, पण बिटांत पाहा: १००००००० चं ०१११११११ झालं. आठच्या आठ उलटे. डिक्रिप्ट केल्यावर तो पिक्सेल मूळ पिक्सेलच्या नेमका विरुद्ध येणार. जेपेगच्या नेहमीच्या दर्जाला तर एकाचा नाही, दहा-वीसचा फरक सहज पडतो.

म्हणजे क्रम ठरलेला आहे. आधी कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट, मग लपवालपवी. त्याला पास केलं (मूळ काम त्याचं स्वतःचं होतं, ते बोलताना कळतं), पण घरी येताना एसटीत हाच विषय डोक्यात घोळत होता. म्हणून धागा.

हे 'लपवणं' म्हणजे गुप्तहेरांची करामत नव्हे. चित्र मुंग्यांचं झालेलं आहे, त्यात काहीतरी दडलंय हे शेंबड्या पोराला कळेल. इथली गोष्ट वेगळी आहे. लाखेची मोहर लावलेला लखोटा आहे. ज्याच्या ताब्यात तो ठेवायला दिलाय त्याने लखोटा न फोडता आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने शेरा लिहायचा. ज्याची चिठ्ठी त्याने लखोटा उघडून शेरा वाचायचा, खोडरबर फिरवायचा, आणि कागद होता तसा कोरा. आत काय आहे हे शेरा मारणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

अशक्य वाटतं ना? २०११ मध्ये शिनपेंग झांग यांनी जी रीत दाखवली ती पाटीवर करून बघता येईल इतकी सोपी आहे. पिक्सेल घ्या १५०, म्हणजे १००१०११०. किल्लीतून आलेले आठ बिट ०११०११०१. दोघांचं एक्सॉर केलं (सारखे बिट असतील तर ०, वेगळे असतील तर १) की १११११०११, म्हणजे २५१. हा २५१ तिऱ्हाइताकडे गेला. त्याने आत काय आहे ते न बघता शेवटचे तीन बिट उलटे केले: ११११११००, म्हणजे २५२. मालकाने त्याच किल्लीने उघडलं तर मिळालं १००१०००१, म्हणजे १४५. आता मूळच्या १५० चे शेवटचे तीन बिट थेट उलटे करून बघा. १४५ च येतो. कुलपाबाहेरून केलेला बदल कुलपाच्या आत जसाच्या तसा पोचला.

आता चित्राचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनातले पिक्सेल दुसऱ्या किल्लीने दोन गटांत वाटा. बिट ० लिहायचा तर पहिल्या गटाचे शेवटचे तीन बिट उलटे, १ लिहायचा तर दुसऱ्याचे. उघडल्यावर मालकाने दोन्ही शक्यता करून बघायच्या. खऱ्या चित्रात शेजारी पिक्सेल सारखेच असतात, १५०, १५१, १५१, १५२ असे. उलटापालट झालेला गट १५०, १४४, १५१ असा खडबडीत दिसतो. जी शक्यता गुळगुळीत ती मूळची, आणि कुठला गट उलटा झाला होता त्यावरून लिहिलेला बिटही आपोआप कळला. चित्राचा स्वभावच इथे साक्षीदार.

आणि मावतं किती? ५१२ बाय ५१२ च्या चित्रात ३२ बाय ३२ चे चौकोन पाडले तर २५६ चौकोन, २५६ बिट, ३२ बाइट. युनिकोडच्या युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. 'ज्ञानेश्वर' लिहिलं की जोडाक्षरं, काने, मात्रे धरून दहा चिन्हं, ३० बाइट. नाव कसंबसं बसतं, आडनावाला जागा नाही. चौकोन लहान केले की जागा वाढते, पण लहान चौकोनात गुळगुळीत कुठला आणि खडबडीत कुठला याचा निवाडा चुकायला लागतो.

सातारी_कंदी

मास्तर, लेख आवडला. पण एक भाबडी शंका. लखोट्याच्या बाहेर लिहिलं तर काय बिघडतं? फाइलला हेडर असतो की, सुरुवातीचा माहितीचा भाग. एवढा द्राविडी प्राणायाम ज्ञानेश्वरांच्या अर्ध्या नावासाठी?

तिरकस_तिर्री

+१ कंदी. मी सुरक्षेच्या कामात आहे, आणि मास्तरांनी ज्याला करामत म्हटलंय त्याला आमच्याकडे भोक म्हणतात. बाहेरून बिट उलटा केला आणि आत तो उलटा झाला, याचा अर्थ कुणीही लखोटा न फोडता आतला मजकूर बदलू शकतो. बँकेच्या निरोपात १००० चे ९००० असेच होतात. म्हणून हल्ली कुणी नुसतं एक्सॉर करून सोडत नाही. एईएस-जीसीएमसारख्या पद्धतीत शेवटी पडताळणीचा शिक्का असतो, एक बिट हलला की सगळं नाकारलं जातं. आणि बाहेर उघड लिहायचा मजकूरही त्या शिक्क्याखाली घेता येतो. म्हणजे कंदी म्हणतात तेच, मोहरेसकट.

दुसरं, त्या पोराला विचारलंत का की प्रत्येक चित्राला किल्लीचे बिट नवे होते की तेच? तेच असतील तर दोन मुंग्यांची चित्रं एकमेकांशी एक्सॉर केली की किल्ली उडते आणि मूळ चित्रांचं एक्सॉर उरतं. दोन्ही चेहरे एकमेकांत मिसळलेले, पण ओळखू येतील इतके.

निळी_दौत

विचारलं. तेच होते. :(

तिर्री, तुझं म्हणणं खरं आहे आणि तेच मला रंजक वाटतं. ही सगळी कला दोन गोष्टींवर उभी आहे: एक्सॉरचं हे भोक, आणि खऱ्या चित्रांचं गुळगुळीतपण. दोन्ही सुरक्षेच्या दृष्टीने डोकेदुखी, आणि इथे दोन्ही कामाला जुंपलेले. हे कुलूप नव्हेच. कुलूप म्हणून विकणाऱ्या प्रकल्पांवर माझाही राग आहे.

कंदी, हेडरचं उत्तर पुस्तकात असं देतात की हेडर चित्रापासून सुटा होतो, फाइलचा प्रकार बदलला की गळतो, आणि आत लिहिलेलं चित्राबरोबर राहतं. अर्धं पटतं मला.

क्षकिरण_ताई

गळतो म्हणजे कसा ते माझ्याकडून ऐका. मी रेडिऑलॉजी विभागात आहे. सीटीचा एक काप ५१२ बाय ५१२, पोटाच्या एका तपासणीत असे शेकडो. रुग्णाचं नाव, वय, तारीख सगळं डायकॉम फाइलच्या (वैद्यकीय चित्रांच्या ठरावीक फाइलच्या) हेडरमध्ये. मग रात्री अकरा वाजता सर्जनसाहेबांचा फोन, "ताई, दोन काप व्हॉट्सॲपवर टाका." एक्स्पोर्ट केलं की जेपेग, हेडर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवर चार पोटं आणि एकाचंही नाव नाही. सोनोग्राफीत उलटं, तिथे नाव बऱ्याचदा थेट चित्रातच छापलेलं असतं, ते नंतर पुसताना नाकी नऊ येतात.

मग मला सांगा, तुमचा लपवलेला शेरा व्हॉट्सॲपमधून जिवंत बाहेर येतो का?

निळी_दौत

नाही, ताई. व्हॉट्सॲप फोटो पुन्हा कॉम्प्रेस करतं, आणि तिथे त्या मुलाचं झालं तेच होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, शेराही जगतो. पण मग हेडरही जगतो की. म्हणजे पुस्तकातलं उत्तर तुम्ही अर्ध्याचं पाव केलंत.

तरी एक गोष्ट उरते आणि ती मला खरी वाटते: दोन किल्ल्या दोन माणसांकडे. झांग यांनीच २०१२ मध्ये याची अशी आवृत्ती केली की ज्याच्याकडे फक्त शेऱ्याची किल्ली आहे त्याने चित्र न बघता शेरा वाचावा, ज्याच्याकडे फक्त चित्राची आहे त्याने चित्र बघावं, आणि दोन्ही असतील त्याला दोन्ही. तुमच्याकडचा फायलिंगचा माणूस शेरा वाचून काप कुठल्या कपाटात ठेवायचा ते ठरवील, पोट बघणार नाही.

दोन_कप_चहा

'मूळ होतं तसं' यावर माझा विश्वास बसत नाहीये. पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं तरी कागदावर वळ राहतोच ना?

निळी_दौत

इथे राहत नाही, कारण आकड्यांना वळ नसतो. कुलूप-बिलूप बाजूला ठेवून जुनी एक युक्ती सांगतो, जुन तियान यांची, २००३ ची. शेजारचे दोन पिक्सेल घ्या, १०० आणि ९६. सरासरी ९८, फरक ४. सरासरीला हात लावायचा नाही. फरक दुप्पट करून त्यात लपवायचा बिट मिळवा, समजा १. झाले ९. आता ९८ च्या भोवती ९ चा फरक पसरा: १०३ आणि ९४. समोरच्याने त्यांची सरासरी काढली, ९८.५, अपूर्णांक सोडला, ९८. फरक ९, विषम आहे म्हणजे बिट १. तो काढून निम्मा केला, ४. पुन्हा १०० आणि ९६. काळ्या-पांढऱ्याच्या टोकाशी आकडा २५५ च्या वर किंवा शून्याच्या खाली जाऊ नये एवढं सांभाळावं लागतं.

एन्क्रिप्ट झालेल्या चित्रात हे करता येत नाही, तिथे शेजारधर्मच संपलेला असतो. म्हणून २०१३ मध्ये केदे मा आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली: मालकानेच कुलूप लावायच्या आधी आत रिकामी जागा करून ठेवायची. पाहुणे येणार म्हणून ट्रंकेत वरचा कप्पा मोकळा ठेवतो ना, तसं. जागा कैक पटींनी वाढते. माझी तक्रार एवढीच की मग गंमत गेली. मालकाला सगळं आधीच ठाऊक असेल तर तिऱ्हाइताने काय कर्तब दाखवलं?

बे_एरियातला_बंड्या

मास्तर, धागा पिक्सेलमध्येच अडकलाय. खऱ्या जगात कच्चे पिक्सेल ठेवतो कोण? शीर्षकात जेपेग आहे, तिकडे या की.

मीच सुरू करतो. जेपेग चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे करतं, प्रत्येकाचे ६४ गुणांक काढतं (ढोबळ चढउतार किती, बारीक किती ते सांगणारे आकडे), त्यांना भागून जवळच्या पूर्णांकावर आणतं. बहुतेक शून्य होतात. उरलेल्या प्रत्येक गुणांकाचे फाइलमध्ये दोन भाग. आधी हफमन कोड, जो सांगतो की मध्ये किती शून्यं गेली आणि पुढचा आकडा किती बिटांचा आहे. मग तो आकडा. ५ असेल तर कोड म्हणतो '३ बिटांचा' आणि मागे १०१ येतो. उणे ५ असेल तर ०१०, म्हणजे उलटे बिट.

आता फक्त मागच्या बिटांना एक्सॉर लावा. १०१ ला ०११ लावला तर ११०, म्हणजे ६. हफमन कोडला धक्का नाही, तीन बिटांचे तीनच राहिले. फाइल अजूनही वैध जेपेग, कुठल्याही फोनवर उघडते, फक्त चित्राचा चिवडा झालेला. कॉम्प्रेशन वाया गेलं नाही. चियान, झांग आणि वांग यांनी २०१४ मध्ये अशाच एन्क्रिप्टेड जेपेगमध्ये डेटा बसवला. काही निवडक बिट बदलायचे, बरोबर चूक सुधारणारा कोड जोडायचा, आणि उघडल्यावर शेजारच्या तुकड्यांच्या शिवणी जुळतात की नाही यावरून कुठे काय बदललं ते ओळखायचं. गोधडीत चुकीचा तुकडा लागला की लगेच दिसतो, तसं.

भारतीय नावही आहे यात. ए. व्ही. सुब्रमण्यम, साबू इमॅन्युएल आणि मोहन कंकणहल्ली यांनी २०१२ मध्ये कॉम्प्रेस करून एन्क्रिप्ट केलेल्या, 'जेपेग २०००' नावाच्या प्रकारातल्या चित्रांत वॉटरमार्क घालायची रीत मांडली. हेतू वेगळा: चित्रपट किंवा फोटो मधल्या विक्रेत्याच्या हातून जातो, त्याला आतला माल दाखवायचा नाही, पण त्याचा शिक्का तर बसला पाहिजे.

तिरकस_तिर्री

बंड्या, '३ बिटांचा' हा कोड उघडाच राहिला ना? मग कुठल्या तुकड्यात किती शून्येतर गुणांक आहेत ते मी किल्लीशिवाय मोजतो. आकाशाच्या तुकड्यात एक-दोन, केसांच्या तुकड्यात वीस-पंचवीस. प्रत्येक तुकड्याला त्या संख्येप्रमाणे करडा रंग दिला की माणसाची बाह्याकृती उभी. पगडी कुठे, नाक कुठे, सगळं.

बे_एरियातला_बंड्या

मान्य. म्हणून पुढच्या कामांत तुकड्यांच्या जागांचीही अदलाबदल करतात. मग आकृती उभी राहत नाही, पण शिवणी जुळवायचं काम तुकडे जागेवर आणल्यावरच.

सातारी_कंदी

आधी कॉम्प्रेस मग एन्क्रिप्ट, हे ब्रह्मवाक्य समजायचं का? उलटं होतच नाही?

बे_एरियातला_बंड्या

व्यवहारात हो. पण २००४ चा एक सुंदर निबंध आहे, जॉन्सन, ईश्वर, प्रभाकरन, शोनबर्ग आणि रामचंद्रन यांचा. त्यांनी दाखवलं की एन्क्रिप्ट झालेला डेटाही, किल्ली हातात नसताना, कॉम्प्रेस करता येतो. अट एकच, उघडणाऱ्याकडे किल्ली हवी आणि मूळ डेटाचा स्वभाव त्याला माहीत हवा. पाया स्लेपियन आणि वुल्फ यांच्या १९७३ च्या सिद्धान्ताचा: एकमेकांशी नातं असलेला डेटा वेगवेगळा दाबला तरी एकत्र उघडता येतो. यातले विनोद प्रभाकरन नंतर मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. म्हणजे कुलाब्यात जाऊन विचारता येईल. :)

निळी_दौत

वा बंड्या! तो निबंध मी विसरलोच होतो. मुंग्यांकडे बघून 'यात दाबायला काही नाही' असं आपण म्हणतो, ते दाबणाऱ्याच्या नजरेने. किल्लीवाल्याला ते चित्रच असतं. झांग यांच्या युक्तीत हाच धागा आहे: लिहिणारा आंधळा, वाचणारा डोळस, आणि सगळा भार वाचणाऱ्यावर.

दोन_कप_चहा

मंडळी, रविवार सत्कारणी लावला. बंड्याची रीत पायथनमध्ये लिहिली, आजीचा नऊवारीतला फोटो घेतला. लपवणं अजून दूर आहे, आधी नुसतं एन्क्रिप्ट करून बघतोय. वरच्या दोन-तीन रांगांचा छान चिवडा झाला, आणि खाली सगळं राखाडी. प्रोग्रॅम म्हणतो फाइल खराब आहे. गुणांकाचेच बिट बदललेत, हफमनला हात लावलेला नाही, तीनदा तपासलं. दुसरा एक फोटो मात्र नीट उघडतो. भुताटकी?

बे_एरियातला_बंड्या

पहिला डीसी गुणांकही (तुकड्याची सरासरी उजळी सांगणारा) एक्सॉर केलास का? तो मागच्या तुकड्यापासूनचा फरक असतो, चुका साचत जातात आणि चित्र पांढरं किंवा काळं पडतं. पण त्याने फाइल खराब होत नाही. तुझं काहीतरी वेगळं आहे.

निळी_दौत

चहा, राखाडी सुरू होतं त्याच्या आसपासचे बाइट हेक्समध्ये बघ. एफएफ दिसतो का?

जेपेगमध्ये एफएफ (हेक्समध्ये, म्हणजे आठही बिट १) हा बाइट राखीव आहे. तो दिसला की वाचणारा समजतो, आता काही खूण येणार: चित्र संपलं, नवा भाग सुरू झाला, वगैरे. डेटामध्येच चुकून एफएफ आला तर लिहिणारा त्याच्यामागे ०० ठेवतो, 'हा डेटा आहे, घाबरू नको' असं सांगायला. तू बिट उलटे केलेस तेव्हा नवा एफएफ तयार झाला असेल आणि त्याच्यामागे ०० नाही. दुसऱ्या फोटोत नशिबाने झाला नाही. आधी सगळे जुने ०० काढ, मग एक्सॉर कर, आणि शेवटी लिहिताना जिथे एफएफ येईल तिथे नव्याने ०० घाल. फाइल दोन-चार बाइट इकडेतिकडे होईल.

दोन_कप_चहा

होता! राखाडीच्या तोंडाशीच एफएफ आणि त्याच्यामागे ३ए. शून्यं नीट घातली, फाइल सात बाइटांनी वाढली, पूर्ण उघडली. आजीचा तळापर्यंत चिवडा. मग उलटी किल्ली लावली आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहिलं, एकही फरक नाही.

तिर्री, तुझी ती गुणांक मोजायची युक्तीही करून बघितली. पदराची किनार आणि चष्मा स्पष्ट दिसतोय. आता तुकड्यांची अदलाबदल लिहायला घेतो, आज चहा चारच झालेत.